मागून घेतलेले आभार

डिसेंबर लागला की गोव्यातल्या वर्तमानपत्रांत, आणि हल्ली त्याहून अधिक फोनवर, एक वाद ठरल्या वेळी हजर होतो. एक बाजू म्हणते की १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा पोर्तुगिजांच्या हातून सोडवला, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती समाजाने त्याबद्दल उघडपणे कृतज्ञता व्यक्त करावी आणि आपले मन लिस्बनमध्ये नाही हे एकदाचे सिद्ध करावे. दुसरी बाजू, आणि ती बहुतेक वेळा आम्हां गोव्याच्या ख्रिस्त्यांतलीच असते, उलट विचारते की आम्हांला सोडवा असे तुम्हांला सांगितले होते कोणी, आणि पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, राज्यात रात्री दार उघडे टाकून झोपता येत होते त्याचे काय. यंदा डिचोलीहून माझ्या भाच्याने जो लेख पाठवला तो पहिल्या बाजूचा होता. या देशाने तुम्हांला स्वातंत्र्य दिले, वर तुमचा धर्मही सुखाने पाळू दिला, मग तुमचे आभार कुठे आहेत, असा सवाल त्यात होता.

मी इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात, स्विंडनमध्ये राहतो, माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे आणि रविवारची चर्चमधली मिस्सा मी सहसा चुकवत नाही; म्हणजे त्या लेखकाला ज्यांच्याविषयी शंका आहे त्यांची सगळी लक्षणे माझ्यात एकत्र सापडतील. तेव्हा उत्तर देण्याचा हक्कही माझाच आहे असे मी धरून चालतो. उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. मी कृतज्ञ आहे, आणि त्याला अपेक्षित असेल त्याहून बरीच अधिक, शिवाय बऱ्याच जुन्या कारणांसाठी. दुसरा भाग त्याला रुचणार नाही. ही कृतज्ञता मी त्याच्यासमोर हजेरी लावून सिद्ध करणार नाही, आणि माझ्या समाजातल्या कोणी तसे करावे असेही मला वाटत नाही.

माझे वडील खाणीवरच्या नोकरीसाठी बार्देशातून डिचोलीला आले आणि आम्ही भावंडे वाड्यावरच्या सरकारी मराठी शाळेत शिकलो. घरी प्रार्थना कोंकणीतून, रोमी लिपीतल्या पुस्तकातून. शाळेत पाढे आणि कविता मराठीतून. मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने खेडोपाडी ज्या शाळा उघडल्या त्यांतली ती एक होती, आणि मुक्तीने मला काय दिले असे कोणी विचारले तर मी आधी तिच्याकडेच बोट दाखवीन. १५ ऑगस्टला आमची दुप्पट धांदल असे, कारण तो देशाचा स्वातंत्र्यदिन आणि मरियामातेच्या स्वर्गारोहणाचा सणही. सकाळी झेंडावंदन, तिथून त्याच इस्त्रीच्या कपड्यांत चर्चमध्ये. ऑगस्टमध्येच गोव्यात ठिकठिकाणी कणसांचे फेस्त होते. नव्या भाताची पहिली कणसे पाद्री आशीर्वादित करतात आणि ती घरी आणून अल्तारावर, म्हणजे देवाच्या वेदीवर, ठेवतात. शेजारच्या हिंदू घरांत चतुर्थीला नवे करीत, ती कणसेही त्याच शेतातली. झेंडा, कणसे आणि मिस्सा यांत काही विसंगती आहे असे आम्हां पोरांना कधी वाटले नाही, आणि तेव्हा ते कोणी आम्हांला विचारलेही नाही.

भाच्याने पाठवलेल्या लेखात मला सर्वांत जास्त खुपले ते हे की त्यातला ख्रिस्ती माणूस सदैव घेणाराच आहे. चांदरचे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा, ज्यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन केली आणि ज्यांना १९४६ नंतर पोर्तुगालमधल्या पेनिशेच्या किल्ल्यात डांबले गेले, ते मुक्ती पाहण्यापूर्वीच १९५८ मध्ये मुंबईत वारले. त्यांनी कोणाचे आभार मानायचे होते? राममनोहर लोहिया १८ जून १९४६ रोजी मडगावच्या सभेला गेले ते असोळण्याहून, आणि तिथे ते उतरले होते डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी. लिबिया लोबो यांनी वामन सरदेसाई यांच्याबरोबर १९५५ पासून १९६१ पर्यंत जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवले. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १७८७ मध्ये, पोर्तुगीज राजवट उलथून टाकण्याचा जो पिंटोंचा कट उघडकीस आला त्यातले प्रमुख लोक कोण होते, तर एतद्देशीय म्हणून वरच्या पदांपासून दूर ठेवले गेलेले पाद्री. बारा-चौदा ओळींत ख्रिस्त्यांना राष्ट्रप्रेम शिकवणाऱ्या लेखात यांतले एकही नाव नव्हते. लेखकाला ती ठाऊक नसतील असे मला वाटत नाही. घेतली असती तर प्रश्न विचारता आला नसता.

आता आमच्या लोकांकडे वळतो, कारण त्यांच्यावरचा माझा राग अधिक आहे. दार उघडे टाकून झोपता येत होते, हे खरे असेलही. पण त्या दाराआड लग्नपत्रिका छापायची तरी मजकूर आधी सेन्सॉरला दाखवावा लागे, आणि राज्याविरुद्ध बोलणाऱ्याची वाट आग्वादच्या तुरुंगाकडे जाई. त्याहून मागे गेलो तर १५६० ते १८१२, मधली चार वर्षे सोडून, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, होते. त्याचा मुख्य बडगा कोणावर पडत होता हे आमच्या घरांत क्वचितच बोलले जाते. तो पडत होता बाप्तिस्मा घेतलेल्यांवर, म्हणजे आमच्याच पूर्वजांवर. १७३६ च्या हुकुमाने त्यांना अंगणात तुळस लावायची बंदी केली, मीठ न घालता भात शिजवायची बंदी केली, पुरुषांना धोतर आणि बायकांना चोळी नेसण्याची बंदी केली. ख्रिस्ताने माणसाला मोकळे केले असा ज्यांचा विश्वास, त्यांच्या हंडीत मीठ आहे की नाही हे पाहायला धर्माचा अंमलदार येत होता. त्या राजवटीची आठवण काढून उसासे टाकणाऱ्या माझ्या काका-मामांना मी एवढेच म्हणेन की तुम्हांला ज्याची आठवण येते ते तुमचे तारुण्य आहे.

मी जिथे राहतो तिथून थोड्याच मैलांवर बुश्टन नावाचे खेडे आहे. एका सुटीच्या दिवशी मी गाडी काढून तिकडे जाऊन आलो. शेते, कुंपणे, मेंढ्या, एवढेच होते. सोळाव्या शतकाच्या मध्याला तिथे थॉमस स्टीफन्स जन्मला, तोच आपला फादर स्टीफन्स, ज्याचे ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला रोमी अक्षरांत छापले गेले. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक माणसाला आपल्या श्रद्धेने मोकळेपणी जगता येत नव्हते. तो निघून गेल्यानंतर काही वर्षांतच तिथे कॅथलिक पुरोहिताला घरात आसरा देणे हा देहदंडाचा गुन्हा ठरला. तो रोमला गेला, जेझुइट नावाच्या कॅथलिक धर्मसंघात शिरला आणि १५७९ मध्ये गोव्याला पोचला. स्वतःच्या मुलखात जे स्वातंत्र्य त्याला नव्हते ते त्याला गोव्यात मिळाले, आणि त्याच गोव्यात तेव्हा इन्क्विझिशन चालू होते. या एका वाक्यापाशी मी पुष्कळदा अडतो. विल्टशरचा माणूस गोव्यातल्या सासष्टीत जाऊन मराठीत ओव्या रचतो आणि चारशे वर्षांनी डिचोलीचा मराठी शाळेतला पोरगा विल्टशरमध्ये रात्रपाळी करतो, या योगायोगाचा मला अभिमान वाटतो हे लपवण्यात अर्थ नाही. इथल्या ज्या इंग्रज सहकाऱ्यांना मी स्टीफन्सविषयी सांगितले त्यांतल्या एकालाही त्याचे नाव ठाऊक नव्हते, आणि तेव्हा मला थोडे बरेही वाटले.

उलट दिशेने गेलेला माणूस म्हणजे संत जुझे व्हाज. बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेला हा गोंयकार पाद्री. युरोपीय धर्मसंघांत एतद्देशीयांना तेव्हा प्रवेश नव्हता, म्हणून त्याने जुन्या गोव्यात गोमंतकीय पुरोहितांच्या संघाला आकार दिला, आणि १६८७ मध्ये तो श्रीलंकेला गेला. तिथला किनारा डच लोकांकडे होता. ते ख्रिस्तीच, पण कॅथलिक पाद्र्यांना त्यांच्या मुलखात बंदी होती, म्हणून व्हाज मजुराच्या वेषात उतरला. कँडीला पोचला तर पोर्तुगिजांचा हेर म्हणून तुरुंगात पडला. (गोंयकार ख्रिस्ती म्हटला की तो पोर्तुगालचा माणूस असणार, ही शंका किती जुनी आहे पाहा.) त्याला मोकळे केले आणि आपल्या राज्यात फिरून सेवा करू दिली ती कँडीच्या बौद्ध राजाने, दुसऱ्या विमलधर्मसूर्याने. १६ जानेवारी १७११ रोजी व्हाज तिथेच वारला. गोव्यात ही तारीख १९६७ च्या जनमत कौलाची म्हणून पाळतात. महाराष्ट्रात विलीन व्हायचे नाही असे गोव्याने त्या दिवशी ३४,०२१ मतांच्या फरकाने ठरवले होते. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोला व्हाजला संत घोषित केले तेव्हा आमच्या पॅरिशमधल्या गोंयकारांनी सोरपोतेल आणि सान्नांचा बेत केला होता, आणि कँडीच्या राजाचा उल्लेख कोणीच केला नाही.

स्टीफन्स आणि व्हाज यांना शेजारी ठेवून पाहिले की मला १९६१ ची कृतज्ञता कशासाठी वाटते ते नेमके कळते. दोघांनाही ख्रिस्ती राजवटींनी श्रद्धेपायी अडवले. ज्याच्या हाती तलवार तोच धर्म ठरवतो, ही व्यवस्था कॅथलिकांच्या हाती असो की प्रोटेस्टंटांच्या, माणसाच्या आत्म्याला तिच्यात जागा उरत नाही. भारतीय संविधान गोव्यात आले तेव्हा गोव्याच्या इतिहासात प्रथमच ख्रिस्ती माणसाला असे राज्य मिळाले ज्याला त्याच्या हंडीत काय शिजते याच्याशी कर्तव्य नव्हते. या संविधानाच्या सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते, फादर जेरोम डिसूझा हे जेझुइट पाद्री सभासद होते, आणि ख्रिस्ती प्रतिनिधींनी तिथे राखीव जागांचा हट्ट सोडून दिला. अनुच्छेद २५ ने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सर्वांना दिले. ते लिहिणाऱ्यांत आमचे लोक होते. त्यामुळे ‘या देशाने तुम्हांला दिले’ हे वाक्य मला व्याकरणातच चुकलेले वाटते. त्यातला ‘देश’ आणि ‘तुम्ही’ वेगळे कसे?

परदेशात गेल्यावर माणूस तिथल्या सोयींची उदाहरणे देऊन घरच्यांना हिणवतो असा आरोप होतो, म्हणून मी उलटे उदाहरण देतो. मी ज्या राज्यात कौन्सिल टॅक्स भरतो त्याच्या सिंहासनावर आजही कॅथलिक माणूस बसू शकत नाही. १७०१ च्या कायद्यातली ती अट अजून कायम आहे. कॅथलिकांना इथल्या संसदेत बसायला १८२९ उजाडावे लागले, आणि अँग्लिकन चर्चचे सव्वीस बिशप अजूनही लॉर्ड्सच्या सभागृहात बसतात. माझ्या भाच्याला भारताचा राष्ट्रपती होण्यापासून त्याचा बाप्तिस्मा अडवत नाही. इथे मात्र यावरून कोणी कोणाकडे आभाराचा दाखला मागत नाही. नोव्हेंबरात युद्धांत पडलेल्यांच्या आठवणीसाठी खसखशीचे लाल फूल छातीवर लावायचे, अकरा वाजता दोन मिनिटे गप्प उभे राहायचे, आणि मग सगळे आपापल्या कामाला जातात. फूल न लावणाऱ्याबद्दलही वर्तमानपत्रांत कुरकुर होते, पण ती कुठल्या एका धर्माच्या नावाने होत नाही. ही तुलना सोयीची आहे, हे मला कळते. कागदावरचे आणि रोजच्या जगण्यातले यांत अंतर असतेच. इथल्या कॅथलिकाला कायद्यातल्या त्या कलमाने दिवसभरात कुठेही ठेच लागत नाही, आणि भारतात १९७७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. त्याच्या आधारावर राज्याराज्यांत जे कायदे उभे राहिले त्यांच्या धाकाने काही ठिकाणी साधी प्रार्थनासभा भरवतानाही लोक दहादा विचार करतात. कृतज्ञ माणसाने हे बोलू नये अशी अपेक्षा असेल तर ती मला मान्य नाही. पौलाने गलतीकरांना लिहिले की ज्या स्वातंत्र्यासाठी ख्रिस्ताने तुम्हांला मोकळे केले त्यात टिकून राहा. टिकून राहायचे तर बोलावे लागते.

हाच पौल पासपोर्टच्या बाबतीत मला अडचणीत आणतो. प्रेषितांच्या कृत्यांत एक प्रसंग आहे. रोमन सरदार पौलाला सांगतो की हे नागरिकत्व मी मोठी रक्कम मोजून मिळवले आहे, आणि पौल उत्तर देतो की मी तर जन्मानेच रोमन आहे. मी त्या सरदाराच्या रांगेतला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज कायदा आपले मानतो, म्हणून वडिलांच्या जन्माची नोंद लिस्बनला करून मी तो पासपोर्ट घेतला. ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, पण कायद्यातला हा दरवाजा उघडा राहिला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, ज्या खाण कचेरीत मी हिशेब लिहीत होतो तिथे लिहायला हिशेब उरला नाही, आणि तेव्हा या पासपोर्टवर इंग्लंडमध्ये विनाव्हिसा काम मिळत होते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या प्रेमाने एकही गोंयकार स्विंडनला आलेला नाही. तरीही दुसरे नागरिकत्व घेतल्याक्षणी भारतीय नागरिकत्व संपते, आणि मी ज्याबद्दल कृतज्ञ आहे म्हणून इतका वेळ सांगतो आहे ते मीच सही करून सोडले, हे वाक्य कसेही फिरवले तरी मऊ होत नाही. माझ्याकडे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड आहे. त्याच्यावर मला डिचोलीला हवे तितके दिवस राहता येते; मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्या भाच्याने मला तो लेख चिडून पाठवला, त्याचीही कागदपत्रे लिस्बनच्या वाटेवर आहेत. त्याने त्याबद्दल विचारले की मी फक्त फॉर्मविषयी बोलतो.

आमच्या पाळीत मदैरा बेटावरचा एक पोर्तुगीज आहे. मिस्सेलाही तो आमच्या मागच्या बाकावर असतो. गोव्याच्या मुक्तीदिनाविषयी मी त्याला जरा चाचरतच सांगितले होते, कारण सोडवले कोणापासून हे त्याच्या तोंडावर सांगायचे होते. तो म्हणाला, तुम्ही १९६१ मध्ये सुटलात, आम्हांला हुकूमशाहीतून सुटायला १९७४ पर्यंत थांबावे लागले. त्याच्या आजोबांना गुप्त पोलिसांनी उचलून नेले होते. आमच्या गावी पाखल्यांच्या राज्याची थोरवी सांगणाऱ्यांनी याच्याशी एकदा बोलावे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. आणि पोर्तुगीज म्हणजे शत्रू असे समजणाऱ्यांनीही.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि त्यांतला एकच आभार मानायला परततो, तोही शोमरोनी, म्हणजे परका. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे येशू विचारतो. आभार मागणाऱ्यांना हा प्रश्न फार आवडतो, आणि आमच्याविरुद्ध तो वापरलाही जातो. पण त्या नऊ जणांचा रोग येशूने परत आणला नाही. बरे होणे आभारांवर अवलंबून नव्हते. ख्रिस्ती म्हणून मला जे मोकळेपण मिळाले आहे असे मी मानतो, पापाच्या आणि मरणाच्या भयापासूनचे, ते असेच आहे: फेडता येत नाही, आणि फेडले नाही म्हणून काढून घेतले जात नाही. राष्ट्राकडून मिळालेले स्वातंत्र्यही मी त्याच मापाने मोजतो, आणि म्हणून कोणी त्याची वसुली करायला आला की मला तो त्या स्वातंत्र्याची किंमत कमी करतो आहे असे वाटते. मात्र तो शोमरोनी परतला होता, हे माझ्या बाजूने बोलत नाही. मी दर दोन-तीन वर्षांनी नाताळला जातो, घराची कौले शेकारून घेतो, नातेवाइकांशी भांडतो आणि परत येतो. परत येतो हे क्रियापद मी आता कुठल्या दिशेसाठी वापरतो, याकडे माझी बहीण मुद्दाम लक्ष देते.

आमच्या पॅरिशचे फादर आयरिश आहेत. १९ डिसेंबरच्या आधीच्या रविवारी गोंयकारांच्या वतीने एक हेतू, म्हणजे मिस्सेतली प्रार्थना, वाचायला त्यांनी होकार दिला आहे, आणि नावे लिहून द्यायला सांगितले आहे. मी कुन्हा आणि मिनेझिस यांची नावे लिहिली, १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला निःशस्त्र असताना गोळ्या लागून पडलेले सत्याग्रही लिहिले, अंजदीव बेटावर धारातीर्थी पडलेले सात भारतीय नौसैनिक लिहिले. शेवटी मान्युएल आंतोनियो व्हासालो इ सिल्व्हा हे नाव लिहिले. गोव्याचे हे अखेरचे पोर्तुगीज गव्हर्नर. शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरण जायचे नाही, असा सालाझारचा हुकूम असताना त्यांनी शरणागती पत्करली, म्हणून पणजी शाबूत राहिली. त्याबद्दल मायदेशी त्यांना लष्करातून बडतर्फ केले गेले आणि १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांचा हुद्दा परत मिळाला. हे नाव यादीत असल्याचे मी भाच्याला कळवले आहे. त्याने ते पुढे पाठवले असणार, कारण दोन्ही बाजूंचे लोक मला कालपासून फोन करीत आहेत, आणि एकाच कारणासाठी.